डिक्कीतली बॅटरी

कापूस मातीमोल झालता ना, त्या सालची गोष्ट. आमच्या प्रफुल्लनं नेमकी तेव्हाच नागपूरवरून जुनी स्पोर्ट्स कार आणली. बाभुळगावच्या खड्ड्यांत वळण घेताना समतोल पाहिजे म्हणून यानं समोरची बॅटरी काढून मागं डिक्कीत बसवली. डिक्कीचं कुलूपही काढून टाकलं. साहेबाची डिक्की बटनावर उघडे.

मंग आम्ही त्याच्यासाठी केळापूरले पोरगी पाहाले गेलतो. गल्लीले समजावं म्हणून पोहे खाऊन होईपर्यंत यानं गाडीतला टेप चालूच ठेवला. निघाच्या वक्ती गाडी थंड.

"बॅटरी उतरली," प्रफुल्ल म्हणे.

"मंग दुसऱ्या बॅटरीले जोडू. गाडीची कुठं हाये?"

"डिक्कीत."

"उघड मंग डिक्की."

"ते बॅटरीवर उघडते."

धक्के मारून आमचा घाम निघाला, पण गाडी काही चालू झाली नाही. पोरगी खिडकीतून पाहून राह्यली होती. शेवटी तिच्या बापानं गोठ्यातून बैलजोडी आणून गाडीले जुंपली. चहापर्यंत हाच माणूस प्रफुल्लले जावईबापू म्हणत होता.

"बॅटरी मागं नेली ते बरं केलं, पाव्हणे," तो म्हणे. "समोर बैलाइले जागा झाली."