कोपऱ्यातले तीन थेंब

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमचे प्रकाशक, व्यासपीठावर विराजमान झालेले संगीतशिक्षक आणि छपाई विभागाचे प्रमुख, सत्कारमूर्ती अक्षरताई, त्यांच्या लेकी-जावई, आणि वेळात वेळ काढून आलेल्या रसिक मंडळींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. सूत्रसंचालकांनी ‘जुन्या मुखपृष्ठांना नवं आयुष्य देणारा चित्रकार’ अशी माझी ओळख करून दिली, तेव्हा मी मान खाली घातली होती. तो विनय नव्हता. मला लाज वाटत होती.

ताईंनी चाळीस वर्षं आपल्या स्वरलिपीच्या पुस्तिकांची मुखपृष्ठं हाताने काढली. त्या कमानी, ती वेलबुट्टी, गाण्याच्या नावाची ती डौलदार अक्षरं! मी आलो तीन वर्षांपूर्वी, टॅब्लेट काखोटीला मारून. काम असं, की ताईंची जुनी मुखपृष्ठं स्कॅन करून साफ करायची आणि त्याच धाटणीची नवी, पण जुनी दिसणारी मुखपृष्ठं काढायची.

हा जुनेपणा आणतात कसा? आधी कागद पिवळा करायचा, मग त्याला घड्या पाडायच्या, मग लाल रंग रेषेबाहेर जरासा सरकवायचा. ते बघून ताई म्हणाल्या होत्या, आमच्या वेळी रंग एवढा सरकला असता तर साहेबांनी घरी बसवलं असतं. आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो. चहाच्या कपाचे गोल डागसुद्धा माझ्याकडे तयार असतात, एक सोडून सात प्रकारचे.

तर ताईंना निरोपाची भेट म्हणून त्यांचं पहिलं मुखपृष्ठ मोठं छापून चौकटीत बसवायचं ठरलं. काम अर्थातच माझ्याकडे आलं. गेल्या सोमवारी मी ते त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा सारखा केला, उजवीकडचा खालचा कोपरा बघितला आणि हळूच म्हणाल्या,

“याच्यावर तरी राहू द्यायचे होतेस रे.”

काय, असं मी विचारलं.

“थेंब.”

मंडळी, जुन्या प्रत्येक मुखपृष्ठाच्या त्या कोपऱ्यात शाईचे तीन बारीक थेंब होते. डाग समजून मी ते पुसले. एकशे बारा मुखपृष्ठांवरून पुसले. शाई एकशे बारा वेळा नेमकी त्याच जागी कशी सांडेल, एवढं माझ्या टाळक्यात शिरलं नाही. खरी खूण पुसायची आणि वर खोटे डाग पाडायचे, हे मी पगार घेऊन करत होतो.

त्या काळी चित्रकाराचं नाव छापत नसत. ताईंच्या आईंना वाचता येत नव्हतं, त्यामुळे लेकीची सुंदर अक्षरं त्यांना लागत नसत. म्हणून ताईंनी थेंब ठरवून दिले होते. आई वाद्यांच्या दुकानासमोर उभ्या राहायच्या, काचेतून थेंब शोधायच्या आणि सोबतच्या शेजारणीला सांगायच्या, हे माझ्या पोरीचं.

मी विचारलं, ताई, तीन वर्षं बोलला का नाहीत? त्यांना वाटलं होतं, वरून हुकूम असेल. त्या माझ्या शेजारच्या टेबलावर बसत होत्या. रोज डब्यातलं अर्धं माझ्या ताटलीत वाढत होत्या. हुकूम कुणाचाही नव्हता, नुसता माझा उत्साह होता.

थेंब परत आणता येतील का? नाही. साफ केलेलं चित्र मी मूळ स्कॅनवरच सेव्ह केलं आणि ‘आता सगळं कॉम्प्युटरवर आहे’ म्हणून मूळ कागद, जुन्या छापील प्रतींसकट, रद्दीत गेले. रद्दीत द्यायच्या चिठ्ठीवर सही माझी. मी म्हणालो, एका दुपारात सगळ्यांवर पुन्हा काढून देतो.

“नको,” त्या म्हणाल्या. “ते तुझे होतील.”

अध्यक्षमहाराज, या पुस्तिकांवर मुखपृष्ठकार म्हणून माझं नाव येतं. ते काढून ताईंचं घालावं, अशी लेखी विनंती मी सकाळी आपल्या टेबलावर ठेवली आहे. या मुखपृष्ठांसाठी गेल्या वर्षी मिळालेलं सन्मानचिन्हही तिथेच आहे. कृपया टाळ्या नकोत. ताईंचं नाव छापून येईल, पण ज्यांनी ते सगळ्यात आधी शोधलं असतं, त्या आज नाहीत, आणि असत्या तरी त्यांना ते वाचता आलं नसतं.

आपण मला बोलू दिलंत, ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. वेळ जास्त घेतला असेल, कुणाचा उल्लेख राहिला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. थेंबांचं मात्र घालू नका. ताई, तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे, तुम्ही घरी पोचायच्या आतच मला माफ करून मोकळ्या व्हाल. एवढी घाई करू नका.