उंबरठ्यावरची सोंगटी

…आणि वर मलाच विचारताय, 'काका, फोनवर खेळण्यासारखा एखादा चांगला गेम सांगा'! मला? अहो, चौथीत शाळा सोडलेला रंगारी मी, उभा जन्म शिडीवर गेला, आणि मी गेम सांगू? बरं, बसा. सांगतो. पण मध्येच उठायचं नाही हां, आधीच बजावतो. अर्ध्यातून उठून जाणाऱ्या माणसाचा मला भयंकर राग येतो. का येतो, तेही कळेल.

तर हा फोन दिला आमच्या सूनबाईनं. 'बाबा, दिवसभर भिंतीकडे बघत बसता, त्यापेक्षा जरा गेम खेळा, टाइमपास होईल.' आता रंगारी भिंतीकडे नाही बघणार तर कुणाकडे बघणार? आणि ती भिंत तरी कशी! ओलीवरच रंग मारलाय कुणीतरी, पोपडे आलेत… पण नाही, गेम खेळा! आणि भरले की हो एकावर एक! पहिला काय, तर फळं कापायची. कलिंगड उडतंय, बोट फिरवा, कापा. कापलं. पुढं? पुढं काही नाही, दुसरं उडतंय! अरे, एवढी कलिंगडं चिरली आणि एक फोड तोंडात नाही, ही कुठली करमणूक? दुसरा शेतीचा. गाजरं लावा, पाणी घाला. लावली. तर दुपारी जरा डोळा लागला की फोन ओरडतो, टुंई! बघतो तर काय, 'तुमची गाजरं तुमची वाट पाहत आहेत.' तुम्हाला सांगतो, बायको गेल्यापासून या जगात माझी वाट बघणारं कोण, तर गाजरं!

आणि तिसरा तर अंगावरच आला. भिंती रंगवायचा गेम! बोट टेकवलं की भिंत रंगली. खरवडणं नाही, पुट्टी नाही, घासणं नाही, पहिला हात वाळायची वाट बघणं नाही. बोट टेकव, झालं! वर टाळ्या! अहो, आमचे गुडघे गेले, छातीत सगळी भुकटी बसली, आम्हाला कुणी टाळ्या वाजवल्या होत्या का? गिऱ्हाईक म्हणायचं, 'तो कोपरा राहिलाय.' बस्स! फोन आपटणार होतो. सूनबाई हसतेय आपली. 'बाबा, किती चिडता! खेळच तर आहे!'

खेळच तर आहे म्हणे!

मग तिनं काढला लुडो. तोच हो, आपला फासा, चार रंग, सोंगट्या. म्हणाली, 'यात समोर खरा माणूस असतो.' म्हटलं, कोण माणूस? तर नुसती हसली. मी आपला बसलो खेळायला. मी पिवळा, समोरचा लाल. आणि त्या लालचा डाव आला की, तुम्हाला सांगतो, खेळेचना! तिथं चित्राभोवती एक गोल घड्याळ फिरतं, तेवढ्यात खेळायचं असतं. ते घड्याळ फिरत फिरत संपायला येतं, आता संपलं, आता संपलं… आणि मग टाकतो फासा! मी म्हटलं, हा मेला कोण एवढा सावकाश? असा सावकाश माणूस मी जन्मात एकच बघितलाय. ब्रश डब्यात बुडवून डब्याच्या काठाला निथळत बसायचा, निथळत बसायचा, भिंतीकडे बघायचा, मान वाकडी करायचा, आणि मग कुठं हात उचलायचा…

हातातला फोन खाली ठेवला मी. सूनबाईला विचारलं, 'दादा आहे ना हा?'

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. एकाच शिडीवर दोघं वाढलो. तो वर, मी खाली, मग मी वर, तो खाली. आणि बोलणं बंद! किती वर्षं झाली ते मोजत नाही मी. झालं काय, एका बंगल्याचं काम. मी शिडीवर, धार मारतोय. धार म्हणजे छताचा पांढरा आणि भिंतीचा रंग जिथं भेटतात ना, ती रेघ. रंगाऱ्याची अब्रू असते ती. आणि खाली हा मालकाला सांगतोय, सगळ्या माणसांसमोर, 'याला आता शिडीवर चढवू नका, साहेब. याचा हात कापतो. धार बघा, वाकडी चाललीय.' हात कापतो म्हणे! माझा! अहो, शिडी हलत होती! फरशीच खालीवर होती तिथली! उतरलो, ब्रश डब्यात टाकला आणि जो चालू पडलो तो पडलो. तो आला होता दोनदा दारावर. मी दार उघडलं नाही. आणि आता या सूनबाईनं वहिनीशी संगनमत करून हा उद्योग मांडलेला!

म्हटलं, बंद कर. म्हणाली, 'बोलू नका ना, नुसतं खेळा. खेळच तर आहे.'

आणि खेळलो की हो! रोज! बोलणं बंद, खेळ चालू. त्यात लिहिता येतं म्हणे, आम्ही कसलं लिहितोय! पण एकमेकाला टोमॅटो मारता येतो. हो, टोमॅटो, चित्रातला. दादानं माझी सोंगटी मारली की आलाच टोमॅटो, फच्च! माझ्या तोंडावर. मीही मारायचो. सूनबाई म्हणायची, 'बाबा, फोन नीट धरा, हलतोय.' म्हटलं, फोनच हलका आहे, त्याला मी काय करू!

पण तुम्हाला एक सांगायचंय. लुडोत ते शेवटचं घर असतं ना, सोंगटी सगळी फिरून येते आणि आपल्या गल्लीत वळायच्या आधी जिथं थांबते, त्याला आम्ही लहानपणी उंबरठा म्हणायचो. तिथं कुणाचीही सोंगटी मारतात, कायदाच आहे तसा. पण आमच्या आईचा कायदा वेगळा. आम्ही दोघं मारामारीवर यायचो ना त्यावरून! तर ती म्हणाली, 'दमून दारात आलेल्याला मारायचं नाही. आत जाऊ द्यायचं.' झालं! तेव्हापासून उंबरठ्यावर मारणं बंद, आमच्या घरापुरतं. आणि या फोनवर, या एवढ्या भांडणातसुद्धा, माझी पिवळी उंबरठ्यावर आली आणि बरोब्बर मागे त्याची लाल असली, मारण्यासारखा आकडा पडला, तरी दादा दुसरीच सोंगटी हलवायचा. मग मीही तसंच. एक अक्षर बोलणं नाही. पण आईचा कायदा दोघंही पाळतोय… जाऊ दे.

आणि मग एक दिवस त्यानं मारली.

डाव चांगला रंगात आला होता. नेहमीसारखं घड्याळ फिरतंय, फिरतंय… पूर्ण फिरून संपलं. आणि पुढच्या डावापासून हा सुसाट! फासा टाक, सोंगटी उचल, टाक, उचल. म्हटलं, अरे वा, म्हातारपणी हुशारी आली! आणि माझी पिवळी उंबरठ्यावर, आणि यानं सटकन मारली! टोमॅटोसुद्धा नाही! तोंडावर मारायचीही लाज वाटली असणार!

माझी जी तिडीक उठली! म्हटलं, हात कापतो म्हणालास, गिळलं. आईचा कायदा मोडतोस? फोन कपाटात, कपड्यांखाली. सूनबाई रोज विचारतेय, 'बाबा, खेळत का नाही?' शेवटी एकदा चहाच्या वेळी ओरडलोच, सगळं सांगितलं. ती हसेल म्हटलं, 'खेळच तर आहे.' हसली नाही. कप खाली ठेवला तिनं. म्हणाली, 'बाबा, इतका भराभर खेळला? मग ते काका नव्हतेच. समोरचा माणूस डाव सोडून उठून गेला ना, की त्याच्याऐवजी मशीन खेळतं.'

मशीन! आता मला सांगा, मशीनला आमच्या आईचा कायदा कोण सांगणार?

पण ते नाही हो. माझ्या डोक्यात दुसरंच घुसलं. डाव सोडून उठला? दादा? अर्धी भिंत टाकून जेवायला न उठणारा माणूस तो! तो डाव सोडून उठलाच कसा?

चपला घातल्या. दोन बस बदलून गेलो. दाराला कुलूप. जिन्यात एक शेजारीण कपडे वाळत घालत होती, ती विचारते, 'तुम्ही कोण?' म्हटलं, धाकटा भाऊ. ती म्हणते, 'अय्या, त्यांना भाऊ आहे?' …आहे म्हटलं, बाई. आहे एक.

तिनंच सांगितलेल्या हॉस्पिटलात गेलो, तर वहिनी बाकावर बसलेली. मला बघून उठली, पदर सावरला, आणि बोलू लागली ती थांबेना. 'भावजी, खुर्चीत बसले होते हो, तुमच्याशीच खेळत होते. हसत होते, म्हणाले, "धाकटा दारात आलाय." आणि हातातला फोन खाली पडला. मला वाटलं सुटला हातातून. बघते तर हात तसाच लोंबतोय… फोनची काच फुटली, नंबर सगळे त्याच्यात. कुणाला आणि कसं कळवू, भावजी?'

म्हणजे तो तिकडे पडला होता, आणि मी इकडे फोनला शिव्या घालत होतो. मशीनला!

आता घरी आणलाय त्याला. उजवी बाजू गेली. वाचा गेली. डॉक्टर म्हणाला, 'आठवणीतलं काय राहिलं, काय पुसलं, हळूहळू कळेल.' वहिनीनं फोन दुरुस्त करून आणला, म्हणाली, 'त्यांना बरं वाटेल, खेळा.' बसलो समोरासमोर, दोघं दोन फोन घेऊन, बावळटासारखे. दादाचा डावा हात उठतो… बोट निघतं… आणि ते मेलं घड्याळ! बोट पोचायच्या आत संपतं, आणि मशीन खेळून मोकळं! दादा बोट हवेत धरून बघतोय आपलं. अरे, जरा थांब की! सगळा जन्म सावकाश काम केलंय त्यानं, आता कुठून घाई आणणार? फोन बंद केले दोन्ही.

एक फळी घेतली, घासली, पांढरा हात दिला, वाळू दिला, आणि ब्रशनं लुडोचा पट काढला. चार रंग, सगळी घरं, स्वतःच्या हातानं. दादाच्या पुढ्यात ठेवला. तो बघतोय. मान वाकडी करून, पहिल्यासारखी. डावं बोट पुढं आणलं आणि माझ्या एका रेघेवरून फिरवलं. रेघ जिथं वाकडी गेली होती ना, तिथं थांबलं. आणि वर माझ्याकडे बघून अर्ध्या तोंडानं हसला!

फळी हलत होती, म्हटलं.

तर खेळतो आम्ही. त्याचा डाव आला की मी बसून राहतो. चहा निवतो, ऊन भिंतीवरून सरकतं, घड्याळ नाही. पहिल्याच दिवशी माझी पिवळी उंबरठ्यावर आली. त्याची लाल मागे. दादानं फासा टाकला. दुसऱ्या तीन सोंगट्या मोकळ्या होत्या त्याच्या. हात निघाला, किती वेळ नुसता निघतोच आहे… आणि आला, आणि त्यानं माझी पिवळी उंबरठ्यावरून ढकलली. मारली.

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. म्हटलं, आता ओशाळेल, आता आठवेल. कुठलं! लहान पोरासारखा खूश. पुसलंय ते. आई, तो कायदा, सगळं पुसलंय. आता तो कायदा ठाऊक असलेला जगात मी एकटाच.

पण तो हसला ना, ते वहिनीनं बघितलं. आजारपणानंतर एवढा मोठ्यानं पहिल्यांदाच. तेव्हापासून मी रोज माझी सोंगटी फिरवून आणतो आणि उंबरठ्यावर उभी करतो. पुढं जायचा आकडा पडला तरी दुसरीच हलवतो. तो रोज मारतो. रोज हसतो. काल वहिनी पोळी लाटता लाटता म्हणते, 'भावजी, काय हो हे! रोज दारात येऊन मरता, तुम्हाला खेळता येतं की नाही?'

दादा बघतच होता माझ्याकडे. म्हटलं, 'काय करू, वहिनी, हात कापतो माझा. भलतीच सोंगटी हलते.'

…तर विचारत होतात ना, चांगला गेम कोणता? तो गाजरांचा घ्या. दुपारी हाक तरी मारतात. निघतो मी, मेलेल्या सोंगटीला सहा पडेपर्यंत बसून राहायचंय तिथं. खेळच तर आहे.