पिवळ्या पट्ट्यावर हात कुणाचा?

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या बस कंपनीचे व्यवस्थापक साहेब, मुख्य कार्यालयातून मुद्दाम आलेल्या प्रमुख पाहुण्या सुरक्षा अधिकारी मॅडम, मधल्या मोठ्या खुर्चीवर बसवलेले आणि त्या खुर्चीत अजून नीट न टेकलेले आपले सत्कारमूर्ती फोरमन, म्हणजे आपले मास्तर, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, चालक, वाहक, वर्कशॉपमधले माझे सहकारी, ऑफिसचा सगळा स्टाफ, आणि भिंतीला टेकून उभे असलेले धुलाई विभागाचे लोक, ज्यांना मी मघाशी खुर्च्या आणून दिल्या आणि ज्यांनी त्या घेतल्या नाहीत, सर्वांना माझा नमस्कार.

मी कागद बघून बोलणार आहे. माझी शाळा नववीत सुटली. पाठ करून बोललो तर अर्धं विसरेन आणि कागद बाजूला ठेवला तर भलतंच बोलेन. चार पानं आहेत. हेड क्लार्क बाईंनी पाच मिनिटं दिली आहेत. त्यांनी भाषण तपासायला मागितलं तेव्हा मी पहिलं, दुसरं आणि चौथं पान दाखवलं. तिसरं दाखवलं नाही. बाई, त्याबद्दल आत्ताच माफी मागतो, कारण पुढे वेळ मिळेल असं वाटत नाही.

वर्कशॉपमध्ये मला कुणी नावानं हाक मारत नाही. फलकावर 'ब्रेक तपासनी' लिहिलं होतं, ते मी पहिल्याच दिवशी 'तपासणी' केलं. तेव्हापासून मी दिसलो की वेल्डर ओरडतात, "आला बघा शुद्धलेखन!" जॉबकार्ड लिहायचं काम मला त्यामुळेच मिळालं आणि आजचं मानपत्र लिहायचंही. तक्रार नाही.

मास्तरांना मास्तर का म्हणतात, हे पाहुण्यांना माहीत नसेल. ते कुठल्याही शाळेत नव्हते. पण दुपारी साडेतीनला चहा आला की ते खिशातून एक जुनी वही काढायचे. तिच्यात गाड्यांच्या इतिहासातल्या कात्रणांचा ढीग. मोठमोठ्या कारखानदारांची कात्रणं नव्हेत. ज्यांना कुणी ओळखत नाही, अशा लोकांची. मग मास्तर विचारायचे, "कोण तो?" आणि तीन खुणा द्यायचे.

खेळाचा नियम असा, की नाव सांगायचं नाही. मास्तर म्हणायचे, "नावं तुमच्या लक्षात राहणार नाहीत आणि माझ्याही नाहीत. त्यानं केलेली वस्तू दाखवा." ज्याला उत्तर कळलं त्यानं उठायचं, समोरच्या बसपाशी जायचं आणि त्या वस्तूवर हात ठेवायचा. बोलायचं नाही. चुकला तर सगळ्यांचे कप धुवायचे.

एक उदाहरण देतो. पहिली खूण, या इंजिनिअरनं आधी अशी खुर्ची तयार केली, जी वैमानिकाला संकटात विमानाबाहेर फेकते. दुसरी खूण, मग तो गाड्यांच्या कारखान्यात आला आणि त्यानं बरोबर उलटं काम केलं. तिसऱ्या खुणेची गरजच पडली नाही. टायरवाले काका उठले, चालकाच्या जागेवर गेले आणि सीटबेल्टवर हात ठेवला. खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा, तीन जागी धरणारा पट्टा. काका नंतर आठवडाभर छाती काढून चालत होते, जणू तो त्यांनीच शोधला.

दुसरं. बर्फ पडत असताना एक बाई ट्राममधून चालली होती. चालकाला पुढचं दिसेना म्हणून त्यानं समोरची काच उघडीच ठेवली होती आणि सगळे प्रवासी कुडकुडत होते. बाईनं घरी जाऊन एक वस्तू काढली, तिचा हक्क नोंदवला. एका कंपनीला दाखवली तर उत्तर आलं, याला बाजारात किंमत नाही. इलेक्ट्रिशियन हसत उठला आणि त्यानं वायपरवर हात ठेवला. आपल्या सेहेचाळीस बसमध्ये मिळून ब्याण्णव वायपर आहेत. मी मोजले आहेत.

आणि मास्तरांचा सगळ्यात आवडता कोण, माहीत आहे? बूट शिवणारा एक कारागीर. मोटारीच्या अगदी पहिल्या लांबच्या प्रवासात उतारावर ब्रेकचे ठोकळे झिजले. गाडी चालवणाऱ्या बाईनं वाटेत त्याला गाठलं आणि ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. आजच्या ब्रेक लायनिंगची ती सुरुवात. बाईंचं नाव राहिलं. त्या कारागिराचं नाव मास्तरांच्या वहीतही नाही. तिथे त्यांनी पेन्सिलीनं फक्त एक रेघ मारून ठेवली आहे. कधी सापडलं तर लिहिता यावं म्हणून.

इथे पान दोन संपलं. आता तिसरं.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा इथे नव्हतो. आपली एक बस सकाळच्या फेरीला रस्त्याकडेच्या चरात आडवी झाली. आत एकोणतीस प्रवासी. पुढचं दार खाली दबलेलं. मागच्या संकटकालीन दरवाजाची मूठ भलतीकडे, उंचावर गेलेली. पण त्या मुठीला एक पिवळा पट्टा शिवलेला होता आणि तो खाली लोंबत होता. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी पडल्या जागेवरून तो ओढला. मूठ फिरली, दरवाजा उघडला. एकोणतीसच्या एकोणतीस माणसं बाहेर आली. खरचटण्यापलीकडे कुणाला काही झालं नाही.

मुख्य कार्यालयातून छायाचित्रकार आला. त्यानं विचारलं, "हे कुणाचं काम?" साडेतीन वाजले होते. चहा आलेला. मास्तरांनी सवयीनं काय केलं? उठले आणि पट्ट्यावर हात ठेवला. आमच्या वर्कशॉपमध्ये त्याचा अर्थ होतो, मला उत्तर माहीत आहे. छायाचित्रकाराला वाटलं, हे माझं काम आहे. त्यानं फोटो काढला. पुढच्या महिन्यात कंपनीच्या अहवालात तो छापून आला, खाली ओळ, 'संकटकालीन पट्ट्याचे जनक'. ही चूक दुसऱ्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये झाली नसती.

मला हे काहीच माहीत नव्हतं. गेल्या सोमवारी मी मानपत्राचा मसुदा घेऊन मास्तरांकडे गेलो. ते बसखालच्या खड्ड्यात होते. तिथूनच कागद मागितला. वाचला. मग डोकं वर काढून म्हणाले, "हे जनक वगैरे कुणी लिहिलं?"

म्हटलं, "ऑफिसनं सांगितलं, मी लिहिलं."

"तुला काना-मात्रा दिसतात. खोटं दिसत नाही?"

मी म्हटलं, "मास्तर, तुम्ही नाही तर कोण?"

तर हा माणूस खड्ड्यात उभा राहून, निवृत्तीला पाच दिवस असताना, काय म्हणतो? "तीन खुणा देतो. पहिली, या माणसानं जन्मात पाना हातात धरला नाही. दुसरी, मोजमाप कधी कागदावर घेतलं नाही. तिसरी, आधी कडाडून भांडला आणि मग कामाला लागला."

भांडला म्हटल्यावर मी सरळ जाऊन वेल्डरांच्या टेबलावर हात ठेवला. सगळे हसले. वेल्डर म्हणाले, "शुद्धलेखन, मी पाना धरत नाही होय? ये, डोक्यात घालून दाखवतो." मी कप धुतले. मंगळवारीही धुतले.

बुधवारी मी पट्टाच नीट पाहिला. जिथे तो मुठीला शिवलाय तिथे टाक्यांचा चौकोन आहे, चौकोनात फुली, आणि शेवटी उलटे तीन टाके. ही शिवण मी कुठेतरी पाहिली होती. कुठे? रोज जॉबकार्ड लिहिताना ज्या सीटवर बसतो तिच्या पाठीला. मी सेहेचाळीस बसच्या सीट पाहून आलो. सगळीकडे चौकोन, फुली, उलटे तीन टाके.

मी सीट विभागात गेलो. म्हणजे रेक्झिनचे गुंडाळे, एक शिलाई मशीन आणि एक मावशी. म्हटलं, "मावशी, तो पिवळा पट्टा तुम्ही शिवलात?"

मावशींनी मशीन थांबवलं नाही. "मग काय तुझ्या मास्तरनं शिवला? त्याला शर्टाचं बटण लावता येत नाही. वहिनींना विचार."

वहिनी मान हलवत आहेत. बरं.

मग कळलं ते असं. त्या अपघाताच्या वर्षभर आधी बसमध्ये आग लागली तर काय करायचं, याचा सराव झाला. मावशींची उंची आपण पाहताच. त्यांचा हात मुठीपर्यंत पोहोचेना आणि पोहोचला तर मूठ फिरेना. त्यांनी तिथेच मास्तरांना धारेवर धरलं, "मला उघडत नाही म्हणजे माझ्याएवढ्या बाईनं आत बसून जळायचं का? की उंच माणसांनाच तिकीट देता?" दुसऱ्या दिवशी मावशी एक पट्टा घेऊन आल्या. लांबी त्यांच्या हाताएवढी आणि वर चार बोटं. टोकाला फास, त्यात अख्खा पंजा जाईल एवढा. मास्तरांनी मुठीला कडी लावून दिली आणि पट्टा सगळ्या बसना बसवून घेतला. एवढाच मास्तरांचा वाटा.

मी विचारलं, "मावशी, मग तुम्ही कधी सांगितलं का नाही?"

"कुणी विचारलं?" त्या म्हणाल्या. "फोटोवाला आला तेव्हा माझे हात मशीनवर होते."

मास्तरांनी त्या वेळी ऑफिसात जाऊन सांगितलं होतं. अहवाल छापायला गेला, असं उत्तर मिळालं. "दुसऱ्यांदा सांगायचा मी कंटाळा केला," ते मला म्हणाले. "आणि खरं सांगू? लोक वाहवा करत होते, ते बरंही वाटत होतं. हेही सांग भाषणात." म्हणून सांगितलं. मी म्हटलं, तुम्हीच का नाही सांगत? तर म्हणाले, "मी सांगितलं तर विनय समजतील आणि आणखी टाळ्या वाजवतील. तू सांग. तुला चुका काढायची खोड आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे."

आता मी हे आजच का सांगतोय? कारण मानपत्रातला मजकूर उद्या सकाळी पितळी पाटीवर कोरायला जाणार आहे आणि पाटी फाटकाशी लागणार आहे. कागद खोडता येतो. पितळ कोण खोडणार? शिवाय पुढच्या महिन्यापासून सीट बाहेरून तयार येणार आहेत. सीट विभाग बंद होतोय. मावशी रोजंदारीवर आहेत. रोजंदारीच्या माणसाला निरोप समारंभ नसतो. मी नियम वाचला आहे, खरंच नसतो. म्हणजे हा हॉल आणि ही दुपार, एवढीच संधी.

अध्यक्ष महाराज, आपल्यासमोरच्या फाईलमध्ये मानपत्राची दोन पानं आहेत. वरचं ऑफिसनं सांगितलेलं, दुसरं, खालचं, मी काल पुन्हा लिहिलेलं. दुसऱ्यात मास्तरांच्या चौतीस वर्षांबद्दलचं सगळं तसंच आहे, फक्त पट्ट्याच्या ओळीत मावशींचं पूर्ण नाव आहे. मी ते त्यांच्या हजेरीकार्डावरून उतरवलं. शुद्धलेखनाची चूक दोन्हींत नाही. पण एक पान चुकलेलं आहे. माझा कायम होण्याचा अर्जही आपल्याच टेबलावर आहे, हे मी विसरलेलो नाही. कुठलं पान वाचायचं हे आपण ठरवायचं.

तोवर आपण खेळ पूर्ण करू. टेबलावरच्या रुमालाखाली काय आहे, असं मघापासून सगळे विचारत होते. ही ती मूठ. हा तो पिवळा पट्टा. स्टोअरमधून सही करून आणलाय, पाचच्या आत परत द्यायचा आहे.

मावशी, तिसऱ्या रांगेत, दाराजवळ. या.

काय म्हणता? मंडळी, मावशी म्हणतात, "बस खाली, आगाऊ!" मी बसतो, पण तुम्ही उठल्याशिवाय नाही. टायरवाले काका, जरा वाट द्या. मास्तर, तुम्ही कुठे निघालात? घेऊन या त्यांना, हरकत नाही. पण पट्ट्याला हात लावायचा नाही. दोन्ही हात पाठीमागे. शाबास.

मावशी, इथे. फासात पंजा घाला. बरोबर बसला. बसणारच.

फोटोग्राफर, आता घ्या. नाही, माझा नको. पट्टा आणि तो हात, दोन्ही यायला हवेत.

पान चार. ज्यांनी हॉल, खुर्च्या, ध्वनिक्षेपक आणि चहा यांची व्यवस्था केली त्या सर्वांचे आभार. पाहुण्या मॅडमचे आभार, त्या मघापासून वहीत काहीतरी लिहून घेत आहेत. हेड क्लार्क बाईंचे आभार, त्यांनी अजून घंटा वाजवलेली नाही. मास्तर, तुमची वही तुम्ही मला दिलीत. ती पेन्सिलीची रेघ मी तशीच ठेवीन.

साहेबांनी चष्मा लावला आहे आणि फाईलमधलं खालचं पान वर घेतलं आहे. म्हणजे आता मी थांबायला हवं. बोलण्यात कमीजास्त झालं असेल, कुणाचा उल्लेख राहून गेला असेल, तर तो माझा दोष समजून सांभाळून घ्यावं. आणि तो राहून नऊ वर्षं झाली असतील, तर मावशी, तुम्ही जास्त सांभाळून घ्या.

धन्यवाद.