नाईकसाहेबांची भरलेली मेलबॉक्स

आमच्या डिचोलीच्या कारखान्यातले मॅनेजर नाईकसाहेब एकदा माझ्यावर खेकसले, "चार दिवस एक मेल येत नाही रे! कॉम्प्युटर सांभाळतोस की झोपतोस?"

पाहिलं तर मेल साठवायची फाइल मर्यादेला टेकलेली, नवीन मेलला जागाच नाही. म्हटलं, "थोडे जुने मेल काढूया."

"एकही नाही! सगळे महत्त्वाचे!"

महत्त्वाचे म्हणजे फुलांचे फोटो आणि सुप्रभात. शेवटी सेटिंगमध्ये जाऊन मर्यादाच वाढवली. अडकलेले मेल धडाधड आले. त्यात एक हेड ऑफिसचा होता: बढतीच्या मुलाखतीसाठी मंगळवारी दहाला फोंड्याला या. मंगळवार कालच गेलेला.

साहेब पांढरे पडले. "अरे बाबा, एक फोन तरी करायचा त्यांनी!"

"केलेला, साहेब. मीच उचलला. तुम्हीच म्हणालात, कामाचं असेल तर मेल करायला सांग."