पार्बताबाईच्या पहिल्या सात्या

माह्या मायची, पार्बताबाईची, बोडी, म्हणजे शेतातली तळी, बुजवली ती यंदाच्या तान्ह्या पोळ्याच्या सकाळी, गावातली पोरं लाकडी बैल सजवून राह्यली होती तेव्हा. पाण्यासकट बुजवली, पारावरच्या भिंभोऱ्यासकट. तुम्ही लिहून घेऊन राह्यल्या तं हे पहिले लिहा बाई, मंग माहं.

आम्ही आरमोरीकडचे, धानवाले. बोडीचं पाणी धानाले, अन् पारावरचा, बोडीच्या बांधावरचा भिंभोरा, म्हणजे उधईचं, वाळवीचं वारूळ, तो मायचा. सरावनात त्याच्यावर सात्या निघत, खायची अळंबी, पांढऱ्या, बारीक, जशा काही कोणी लाह्या सांडल्या. बुड उकरायचं नाई, वरून खुडायचं, हे मायनंच शिकवलं. कॉलेजात गेली तं म्याडमनं शिकवलं, रानातली अळंबी वाळवाची, पाकिटात घालाची, वर नाव, जागा, कोणाले सापडली ते लिहाचं. माय हसे. म्हणे, लोकं खाऊन राह्यले अन् माही पोरगी सात्याईले कागदाची झबली घालून राह्यली.

मंग बोडीवरून रस्ता जाईन म्हणाले. रस्त्याचा साहेब म्हणे, इथी काय आहे, पडीक खड्डा. मी म्हटलं, सात्या आहेत, आसपास कुठीच नाई अशा. तं म्हणे, फोटो नको, वस्तू आणा.

यंदा निघाल्या तं मी पाकीट आधीच लिहून ठेवलं, सापडणाराच्या जागी मायचं नाव. पण काय सांगू तुम्हाले, आमच्यात पहिल्या सात्या घरात ठेवत नाई, टोलीतल्या, आमच्या वस्तीतल्या घराघरात मूठ मूठ वाटाव्या लागते, त्याच दिवशी. म्हटलं माय, एक दे. म्हणे, पहिलीले हात लावू नको वो, दुसऱ्या पाण्यानं निघतीन त्या साऱ्या तुह्या.

दुसऱ्या पाण्याच्या आधी मशीन आली. साहेबाकडे धावत गेली तं म्हणे, आणली का वस्तू?

आता माय फोडणी टाकते अन् करपेपर्यंत बसून राहते. म्हणे, मीच वाटल्या वो, ह्याच हातानं. मी म्हणते, तू वाटल्या माय, तू बुजवली नाई! बुजवणारे मजेत जेवून राह्यले, अन् तुह्या घशाखाली घास काऊन नाई? माय ऐकत नाई. पाकीट तसंच आहे, आत काही नाई. काल विचारे, माती काढली तं निघतीन का वो पुन्हा? मले नाई माहीत.

पण काढल्याशिवाय कसं समजन? तुम्ही हे वाचून राह्यले ना, हळहळू नका. फावडं घ्या अन् या. माह्या मायच्या बोडीतली माती काढाले या.