तात्यामामांची घोडी

वहीत नोंद आहे, म्हणून वेळेसकट सांगतो. मार्गशीर्षातला गुरुवार, हवा गार. वारज्याच्या घाटावर तात्यामामांचा दहावा होता. जन्मभर त्यांनी शेती केली आणि जीव लावला तो घोडीला.

नऊला पिंड ठेवला. साडेदहा झाले तरी कावळा शिवेना. त्यांचा मुलगा रवी घामाघूम.

"तात्या, जमीन विकणार नाही. आईला सांभाळीन."

कावळा जागचा हलला नाही.

गुरुजी म्हणाले, "दर्भाचा कावळा करू या? मला पुढे अजून दोन आहेत."

मामी एकदम ओरडली, "रव्या, घोडीला चारा टाकलास का रं? ती खाल्ल्याबिगर ते कधी जेवलं न्हाईत!"

गडबडीत कोणीच टाकला नव्हता. रवीने शेजाऱ्याला फोन लावला आणि तो चालूच ठेवला.

१०:५२ला घोडीने चाऱ्याला तोंड लावलं. १०:५३ला कावळा शिवला.