भाविकाची खिडकी आणि दोन पंख्यांचं कार्ड

नाही, पण मी म्हणते, नुसतं घराचं चित्र बघायला पंखे कशाला लागतात हो? एक नाही, चांगले दोन! आणि ते पण कुठं, तर कॉम्प्युटरच्या पोटात, जिथं कुणी बसत नाही की उठत नाही! इकडं आम्ही दोघी जावा भर मे महिन्यात ओट्यापाशी उभ्या, घाम मानेवरून निघतो तो थेट टाचेपर्यंत, तांदळाच्या भाकऱ्या चालल्यायत, आणि स्वयंपाकघराला पंखा नाही. का? तर म्हणे गॅस विझतो! आणि कॉम्प्युटरच्या त्या चित्र दाखवणाऱ्या कार्डाला मात्र दोन पंखे, का, तर ते तापतं! अहो, ते तापतं, मग आम्ही काय बर्फाच्या लादीवर झोपून भाकऱ्या थापतो?

थांबा, तुम्हाला नीट सांगते, नाहीतर म्हणाल नेत्रा बोलायला लागली की तिला ब्रेक नाही. आमचं घर उरणच्या बाजूला, खाडीच्या अगदी काठावर. सासरे बुधाजी, सासू कृष्णाबाई, दोघांचा जन्म मिठागरावर गेला. दोन मुलं. थोरले धनेश, म्हणजे आमचे हे, ट्रेलरचा धंदा. धाकटा निकेत, बंदरात नोकरीला. आणि निकेतची बायको भाविका, माझी धाकटी जाऊ, जिच्यासाठी मी आज घसा कोरडा करतेय. लग्नाआधी ती पनवेलला एका फर्निचरवाल्याकडं घरांची डिझाइनं काढायची, कॉम्प्युटरवर. शांत मुलगी हो... पण एकदा नाही म्हणाली की नाहीच. मग जेसीबी आणला तरी हलत नाही!

तर जुनं घर पाडून नवीन बांधायचं ठरलं. आमचे हे ठेकेदाराकडून नकाशा घेऊन आले. बघते तर काय, पुढं हॉल. हॉल कसला, मैदान! का, तर आमच्याकडं लग्नापेक्षा हळद मोठी, सगळा गाव लोटतो, त्यामुळं घर बांधायचं ते हळदीच्या मापानं. वर्षाचे बाकीचे दिवस त्या हॉलात कोण असतं? झाडू! आणि स्वयंपाकघर कुठं? सगळ्यात मागं, जिन्याखाली, एका बाजूला संडास, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्याची भिंत. खिडकी नाही. ठेकेदार म्हणे, "होल ठेवलाय ना वैनी, धूर जाल भायेर!" धूर जाईल हो, आम्ही कुठून जायचं?

आणि खाडी कुठल्या बाजूला? हॉलच्या! म्हणजे भरती-ओहोटी बघणार कोण, तर पुन्हा तो झाडू.

भाविकानं नकाशाची घडी घालून बाजूला ठेवली. ताटं वाढली, जेवणं झाली, आणि मग उभी राहून म्हणाली, "दादा, मी दुसरा नकाशा काढते. ओटा खाडीच्या बाजूला, समोर खिडकी." बास, एवढंच! आणि मागितलं काय होतं पोरीनं? ओट्यासमोर एक खिडकी!

आमचे हे हसले. ह्यांचं हसणं तुम्ही ऐकलं नाही, ट्रेलर रिव्हर्स घेतल्यासारखं येतं. म्हणाले, "काढ की. पण कागदावर मला काय कळत न्हाय. असं दाखव, की घरात फिरतोय असं वाटलं पायजे. अक्षय्यतृतीयेला पाया भरायचा हाय, त्याच्या आधीच्या रविवारी दाखव. न्हाय जमलं तर ठेकेदाराचा नकाशा फायनल!"

पैज लागली. भाविकानं ऑफिसातला, ह्यांच्या ट्रेलरची बिलं काढणारा जुना कॉम्प्युटर घरी आणला, त्यात ते घराचं सॉफ्टवेअर घातलं, आणि लागली कामाला. सपाट नकाशा झकास निघाला. मग दाबलं ते बटण, ज्याच्यानं घर उभं राहतं... आणि काय सांगू! भिंती गुलाबी झाल्या, छप्पर तिकडं उडालं, फ्रीज हवेत लटकतोय, आणि मग सगळंच गोठलं. सासरे चष्मा सारखा करून म्हणतात, "चक्रीवादळ दाखवलंस काय गो?"

निकेत म्हणाला, "ह्याला ग्राफिक्स कार्डच नाहीये वेगळं, चित्र ओढणार कोण?" मग इंटरनेटवर विचारा, कुणी म्हणतं हे कार्ड घ्या, कुणी म्हणतं ते घ्या, एक म्हणतो ह्यात दम नाही, दुसरा म्हणतो त्याला लाइट फार लागते... मला वाटलं बैल घेतायत! शेवटी आम्ही तिघं गेलो पनवेलला दुकानात.

आता तो गुजराती दुकानदार. गल्ल्यावर गणपती, कपाळाला टिळा, आणि भाविकानं विचारलं की उत्तर निकेतला! भाविका म्हणते, "ह्याची मेमरी किती?" तो निकेतकडं बघून, "भाई, गेम कंची खेलते तुमी?" भाविका म्हणते, "गेम नाही, घराचं डिझाइन आहे. सॉफ्टवेअरला आठ जीबी लागते." तो परत निकेतला, "एम करो भाई, आ तीन फेनवाला घ्या, मस्त पीस हाय, अंदर लाइट बदलते, लाल, हिरवा, निला, एकदम डिस्को!" आणि निकेत बिचारा, ज्याला मोबाइलचा टॉर्च लागला तर बंद करायला बायको लागते, तो म्हणतो, "शेट, माझ्याकडं नका बघू हो, मी फक्त गाडी चालवत आलोय!"

तेव्हा भाविकानं पर्समधून काय काढली? ब्लाऊज शिवायची टेप! कॉम्प्युटरचा डबा घरूनच मापून आणला होता तिनं. टेप लावली त्या तीन पंखेवाल्याला आणि म्हणाली, "शेट, हे माझ्या डब्यात शिरतच नाही. डिस्को काय अंगणात ठेवू? आणि वीज किती खातं हे? माझा पॉवर सप्लाय जुना आहे." दुकानदार म्हणाला, "बेन, ए तो... मिस्टरने पूछो ने..." "मिस्टरांना मी घरी विचारते. तुम्ही आत्ता मला सांगा!" अहो, मी तर टाळी वाजवणार होते! घेतलं मग दोन पंखेवालं, मधलं, बिनलाइटचं, आणि सोबत नवा पॉवर सप्लाय. शेट शेवटी तिच्याकडं बघून "थेंक्यू बेन" म्हणाला तेव्हाच ती पायऱ्या उतरली.

घरी आलो. भाविकानं डबा उघडला, कार्ड पेपरावर काढून ठेवलं, आधी पॉवर सप्लाय बसवला, मग दूध उतू जातंय म्हणून आत धावली, परत आली, कार्ड खटकन बसवलं, बटण दाबलं... पंखे गरगर गरगर! आणि पडदा? काळा. काळाकुट्ट. अमावास्या!

मग सुरू झाला आमच्या घरात तो तमाशा. वायर काढ, वायर लाव. निकेत म्हणतो, "पडद्याची वायर कार्डातच लावलीस ना, का चुकून जुन्या जागी?" ती म्हणते, "कार्डातच आहे, डोळे उघडून बघा." कंपनीला फोन लावला, तिकडून बाई एकदम गोड आवाजात, "मॅडम, क्या आपने कंप्यूटर बंद करके चालू किया?" भाविका म्हणाली, "इतकी बार किया, कि बटण का अक्षर पुसके गया!" दुकानदाराला लावला. तो म्हणाला, "बेन, तुमचा मदरबोर्ड गेला. नवा घेवा लागशे." भाविका म्हणाली, "शेट, कार्ड काढलं की बोर्ड चालतो, कार्ड लावलं की बंद. गेलेलं माणूस शेजारीण उठून गेली की उठून बसतं काय?" तो म्हणाला, "तो पछी प्रोसेसर गेला असेल." ह्याच्याकडं सगळं गेलेलंच! एकटा तोच तेवढा जिवंत!

आणि आमचे हे! सोफ्यावर आडवे, पायावर पाय. "बघ गो, तुझ्या कार्डाला पण बिनखिडकीचंच किचन पसंत हाय. कसं काळंभोर दाखवतंय!" मी पाण्याचा तांब्या जरा जोरातच ठेवला टीपॉयवर. त्यांना कळलं.

सासूबाई आल्या. "दृष्ट लागली गो पोरीच्या मशिनीला." मीठ-मोहरी मुठीत घेऊन त्या डब्यावरून ओवाळली, आल्यागेल्याची, पाप्या-पिप्याची, सगळी नावं घेतली. पडदा काळाच. रविवार तोंडावर. निकेत म्हणाला, "जाऊ दे भाविका, दादाचं ऐकू, खिडकी काय नंतर पण पाडता येईल." आणि तुम्हाला सांगते, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण कसलं पाणी? रागाचं! म्हणाली, "नंतर कुणी भिंत फोडत नाही. आईंच्या वेळी पण नंतरच म्हणाले असतील. कार्ड मेलेलं नाही, पंखे फिरतायत. मी हरायची नाही." आणि मागितलं काय होतं पोरीनं? ओट्यासमोर एक खिडकी!

बसली परत मांडी घालून. कार्ड उपसलं... आणि बोटंच घसरली. परत धरलं, परत घसरलं. तिनं कार्ड नाकाशी नेलं. माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "ताई, वास घ्या." मी वास घेतला. खोबरेल! अस्सल खोबरेल हो, घाण्याचं!

आता आमच्याकडचं तुम्हाला माहीत नसेल. खाऱ्या वाऱ्यात लोखंड टिकत नाही. कडी, कोयंडा, कात्री, विळी, मोटारसायकलची साखळी, जे जे म्हणून धातूचं दिसेल त्याला सासूबाई तेलाचं फडकं मारणार. लहानपणापासून मिठागरावर, हातच तसा पडलाय. एकदा त्यांनी निकेतच्या नव्या घड्याळाला मारलं, ते आजतागायत त्याच वेळेवर आहे. आणि त्या दिवशी भाविका दुधाकडं धावली तेव्हा सासूबाईंना पेपरावर काय दिसलं? कार्डाची ती सोनेरी पट्टी, जी आत खाचेत बसते. उघडी! चकचकीत!

सासूबाई दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "मीच लावलाय त्याल. यवडी सोन्यासारखी पट्टी, न्हायतं उद्या गंज पकरंल." मला वाटलं आता भाविका फुटणार. मी डोळे मिटून घेतले. तर सासूबाईच पुढं म्हणाल्या, हळूच, "तुझी खिरकी व्हावी म्हून लावला गो. मी जलमभर भिंतीकरं तोंड करून भाकऱ्या थापल्या. भायेर भरती हाय का ओहोटी, मला लोकांनी सांगायची."

भाविकानं त्यांचा तेलकट हात धरला, तसाच. मग पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "ताई, आरोहीच्या दप्तरातला खोडरबर आणा." माझ्या लेकीचा, स्ट्रॉबेरीच्या वासाचा! ती सोनेरी पट्टी तिनं खोडरबरानं अशी हळूहळू घासली, तान्ह्या बाळाचं नाक पुसावं तशी. खाचेत कोरडा ब्रश फिरवला. कार्ड बसवलं. बटण दाबलं... आणि उजेड! मी किंचाळले! सासूबाईंनी खोबरेलाच्या बाटलीलाच नमस्कार केला.

उजाडला रविवार. सगळे टीव्हीसमोर, वायर टीव्हीला जोडलेली. भाविकानं बटण दाबलं आणि घर उभं राहिलं. खरंखुरं! तिनं दार उघडलं, आत गेली, वळली, आणि ओट्यासमोर, मधे वावरायला चार पावलं जागा सोडून, ती खिडकी. खाडीचं पाणी, संध्याकाळचं ऊन ओट्यावर तिरकं पडलेलं, लांब एक होडी. आमचे हे सोफ्यावरून उठून उभे राहिले. ह्यांना सोफ्यावरून उठताना मी लग्नानंतर पहिल्यांदाच बघितलं!

मग ह्यांनी तोंड उघडलं. "अरे, ही तर एक नंबर जागा हाय! इथं किचन कशाला? हॉल इथं घ्या!" ऐकलंत? निकेत म्हणाला, "टीव्ही ह्या भिंतीला मस्त बसेल." सासूबाई म्हणाल्या, "देव्हारा हितं उजेडात." सासरे उठून टीव्हीपाशी गेले, खिडकीवर बोट ठेवलं, म्हणाले, "माझी खुर्ची इथं." बघा! इतके दिवस खिडकी कुणालाच नको होती, आणि दिसली मात्र, सगळ्यांचीच झाली! आणि मागितलं काय होतं पोरीनं?

भाविका उभी राहिली. आवाज चढवला नाही. "या ना, सगळेच या. टीव्ही आणा, देव आणा, खुर्ची आणा. खोलीला नाव हॉल द्या, नाहीतर राजभवन द्या. पण ओटा तिथून एक वीत हलणार नाही. हलला, तर भाकऱ्या ठेकेदाराकडं खायच्या." आणि मी? मी उठून तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. मग सासूबाई पण उठल्या, गुडघे धरून, आणि आमच्या रांगेत! आमच्या ह्यांनी तीन बायका मोजल्या, बांगड्या मोजल्या, आणि म्हणाले, "ओटा राहू द्या मग."

झालं. घर बांधलं. तसंच्या तसं. ठेकेदाराचा तो मोठा हॉल मागं गेला, त्यात आता तांदळाची पोती आहेत. ओटा खाडीकडं, समोर ही एवढी मोठी खिडकी, वारा असा येतो की काय विचारता! जिंकली हो भाविका, छाती ठोकून जिंकली. फक्त काय आहे... सासऱ्यांनी त्या रविवारी टीव्हीवर बोट ठेवलं होतं ना, बरोब्बर तिथंच खुर्ची मांडलीय. खिडकी आणि ओटा ह्यांच्या मधोमध. सकाळी बसतात ते रात्री उठतात. त्यामुळं आम्ही दोघी भाकऱ्या थापत वर बघितलं, की समोर दिसते ती सासऱ्यांची पाठ. मग भाविका विचारते, "बाबा, खाडी भरली का हो?"

ते मागं वळत पण नाहीत. म्हणतात, "भरली गो. तू भाकरी टाक."